वॉटरफोर्डचा वाडगा आणि ओगल्यांचा कंदील

(भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सेवाग्रामहून बोलतोय. मागे कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं तर समजून घ्या, दार बंद केलं की खोलीत बसवत नाही, असं ऊन आहे.

आजचा विषय काच. आमच्या घरात फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू. एक कंदील आहे, आजोबांच्या वेळचा. दुसरा एक वाडगा, आयर्लंडहून आलेला. दोन्ही वस्तूंवरून आमच्या घरी भांडण झालं, त्यातून मी वाचत गेलो, आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

वाडगा आणला पुतण्याने. तो डब्लिनला नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा बॅगेत तीन स्वेटरच्या मधे गुंडाळून हा जाडजूड वाडगा. आजीच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजी, हे तुझ्यासाठी. वॉटरफोर्डचं क्रिस्टल आहे." माझी आई शहाऐंशी वर्षांची. तिनं तो दोन्ही हातांनी तोलला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाबू, याच्यात ठेवाचं काय?" पुतण्या हसला. मग आई म्हणाली, "लिंबाचं लोणचं ठेवते." तर हा ओरडला, "लोणचं नको आजी, आंबट चालत नाही याला!" आई म्हणे, "मग काहून आणलं?"

रात्री माझ्या मुलीनं मोबाइलवर किंमत शोधली. रुपयात केली तर आमच्याकडच्या अडीच-तीन क्विंटल कापसाचे पैसे. वर्धा जिल्ह्यात कापसाचा क्विंटल म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. भाऊ गप्प झाला. पुतण्याला वाईट वाटलं. आणि मला, खरं सांगतो, रागच आला. ज्या गावात बापूंनी माती, बांबू आणि कौलांच्या घरात दिवस काढले, त्या गावात नुसतं बघायला एक वाडगा, इतक्या पैशांचा?

राग आला की मी वाचतो. मास्तरकी केलेल्या माणसाची खोड.

आधी 'क्रिस्टल' हा शब्दच बघा. स्फटिकात अणू ओळीनं, ठरलेल्या रचनेत बसलेले असतात. काचेत तसं काही नसतं. वितळलेला रस घाईनं थिजला आणि अणू जिथं होते तिथंच अडकले, ती काच. म्हणजे क्रिस्टल म्हणून विकतात ती वस्तू शास्त्राच्या भाषेत स्फटिकच नाही. साधी काच होते वाळू, सोडा आणि चुना यांची. नुसती वाळू वितळवायला सतराशे अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातला की ते काम कमी उष्णतेत होतं, पण मग काच पाण्यात विरघळायला लागते, म्हणून चुना. आपल्या बाटल्या, खिडक्या, कंदिलाच्या काचा सगळ्या याच.

लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या माणसानं 1674 मध्ये नव्या प्रकारच्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्यात शिशाचं ऑक्साइड घालायला सुरुवात केली. शिसं घातलं की तीन गोष्टी होतात. काच जड होते. प्रकाश जास्त वाकवते, त्यामुळे पैलू पाडले की आतून रंग फुटतात. आणि ती जरा मऊ होते, म्हणजे फिरत्या चाकावर धरून कापता येते. चौथी गोष्ट आवाज. साध्या पेल्याला नखानं टिचकी मारा, टक् होतं आणि संपतं. शिशाच्या पेल्याचा नाद रेंगाळतो. मी आमच्या वाडग्यावर करून पाहिलं. देवघरातल्या घंटेसारखा नाही, पण आई स्वयंपाकघरातून "काय वाजलं?" म्हणाली, एवढा.

लोणच्याचं पुतण्यानं बरोबर सांगितलं होतं. लिंबाचा रस, व्हिनेगर, दारू असं काही शिशाच्या काचेत दिवसेंदिवस ठेवलं की शिसं थोडं थोडं त्यात उतरतं. जेवणापुरतं ठेवायला हरकत नसते, पण बरणी म्हणून वापरायची नाही. हल्ली बिनशिशाचं क्रिस्टलही करतात. तुमच्या घरी असा जुना डिकँटर असेल तर हे लक्षात असू द्या.

आता आयर्लंड. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण तो आपल्याच इतिहासासारखा वाटतो.

इंग्लंडच्या पार्लमेंटनं 1745 मध्ये काचेवर कर बसवला, आणि तो वजनावर. म्हणजे काच जितकी जाड तितका कर जास्त. इंग्रज कारागिरांनी काय केलं? काच पातळ केली. आयर्लंडमध्ये हा कर नव्हता, पण तिथल्या काचेला देशाबाहेर विकायला बंदी होती. करा, पण विकू नका. ओळखीचं वाटतं ना? मग 1780 मध्ये ती बंदी उठली. आता आयर्लंडची काच करमुक्तही आणि बाहेर विकायला मोकळीही. 1783 मध्ये वॉटरफोर्ड बंदरात जॉर्ज आणि विल्यम पेनरोझ यांनी कारखाना काढला. त्यांना काचेतलं काही कळत नव्हतं, ते व्यापारी. त्यांनी इंग्लंडच्या स्टौरब्रिजहून जॉन हिल नावाचा जाणकार आणला, तो सोबत कारागीर घेऊन आला.

वॉटरफोर्डच्या काचेचा तो जाडपणा, ते खोल खोल कापलेले पैलू, ज्याला लोक आजही आयरिश शैली म्हणतात, ती कुणा एका कलावंताच्या डोक्यातून आली असं समजू नका. करातल्या फरकातून आली. जाड काच परवडत होती म्हणून खोल कापता येत होती. 1825 मध्ये तो कर आयर्लंडलाही लागू झाला आणि धंदा घसरायला लागला. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात वॉटरफोर्डच्या कामाचं कौतुक झालं आणि त्याच वर्षी कारखाना बंद पडला.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक ठेवणार होतो. पण पुढचं वाचलं आणि चमकलो. दोनशे चाळीस वर्षांची परंपरा म्हणून जे विकलं जातं, त्यात जवळजवळ शंभर वर्षांचं भोक आहे. 1851 ते 1947 वॉटरफोर्डमध्ये क्रिस्टल होतच नव्हतं. 1947 मध्ये ते पुन्हा सुरू केलं कारेल बाचिक या चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या कारखानदारानं. त्यानं मिरोस्लाव्ह हावेल नावाच्या तरुण चित्रकाराला बोलावून घेतलं. शहरात काच कापता येणारा एक माणूस उरला नव्हता. हावेल डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात बसून जुन्या भांड्यांची चित्रं काढायचा आणि त्यावरून नवे नमुने बनवायचा. बाहेरून आलेल्या कारागिरांनी गावातल्या पोरांना शिकवलं. आज जो 'लिस्मोर' नावाचा नमुना सगळ्यात प्रसिद्ध आहे, आमचा वाडगाही त्याच नमुन्याचा, तो हावेलनं 1952 मध्ये केला. म्हणजे आयर्लंडची शान असलेली ही काच दोनदा परक्या माणसांनी उभी केली, एकदा इंग्रजानं, एकदा चेकनं. मला यात कमीपणा दिसत नाही. उलट धीर वाटतो. कसब मेलं तरी त्याचे नमुने कुठंतरी जपले असतील आणि शिकवणारा कुणी मिळाला, तर शंभर वर्षांनीही हात पुन्हा तयार होतात.

हे वाचत असतानाच माझ्या हातून कंदिलाची काच फुटली.

झालं असं की संध्याकाळी वीज गेली, आईनं कंदील लावायला सांगितला. इन्व्हर्टर आहे घरी, पण आईला कंदीलच लागतो. वीज आली, मी कंदील विझवला, काचेवर काजळी दिसली म्हणून लगेच ओलं फडकं फिरवलं. तड्! आई बाजेवरून म्हणाली, "गरम काचेले पाणी लावते का कोणी? मास्तर ना तू!" चाळीस वर्षं मुलांना उष्णतेनं होणारं प्रसरण शिकवलं मी. काचेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून बाहेरची बाजू थंड होऊन आकसते, आतली गरमच राहते, आणि त्या ताणात काच तडकते. बोरोसिलिकेट काच याच्या साधारण एक तृतीयांशच पसरते, म्हणून प्रयोगशाळेतली परीक्षानळी टिकते. हे सगळं मला माहीत. आणि आजोबांच्या कंदिलाची काच माझ्याच हातून गेली.

काचेचे तुकडे वेचताना मी पहिल्यांदा कंदिलाचा तळ नीट बघितला. गंजाखाली अक्षरं होती. रॉकेलच्या चिंधीनं पुसल्यावर वाचता आली. 'प्रभाकर'. आणि ओगल्यांचं नाव.

मंडळी, आमच्या लहानपणी 'प्रभाकर कंदील' हे नाव इतकं घरोघरी होतं की ते कुणी बनवलं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बनवला ओगले बंधूंनी. सातारा जिल्ह्यात कराडजवळ ओगलेवाडी आहे, रेल्वेनं गेलात तर कराडचं स्टेशन तिथंच लागतं. 1916 मध्ये ओगले ग्लास वर्क्स निघाला. जागा औंध संस्थानातली. किर्लोस्करवाडीही औंधच्याच हद्दीतली, म्हणजे त्या छोट्या संस्थानात नांगर आणि कंदील दोन्ही तयार होत होते.

पण ओगल्यांच्या आधी तळेगाव दाभाडे सांगायला हवं. एकोणिसावं शतक संपता संपता अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं एक कल्पना काढली. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांकडे हात पसरायचा! काळे गावोगाव फिरले. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. कारखान्यात शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले, जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेतलेले. ते उत्तर प्रदेशचे. पेनरोझना जसा जॉन हिल, तसे तळेगावला वार्ष्णेय. तिथं नुसती काच होत नव्हती, माणसं तयार होत होती. तिथं शिकलेली मुलं पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली.

काचच का निवडली असेल? माझा अंदाज असा की तेव्हा दिव्याच्या काचा, बांगड्या, बाटल्या सगळं बाहेरून यायचं. बांगड्या ऑस्ट्रियाहून, कंदील जर्मनी-अमेरिकेहून. स्वदेशीची शपथ घेतलेल्या घरात बाईच्या हातातली बांगडी परदेशी आणि शपथ ज्या उजेडात घेतली तो कंदीलही परदेशी. मग 1914 ला महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल थांबला. त्या पोकळीत इथले कारखाने वाढले.

आणि एक योगायोग सांगतो, नुसता योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. 1916 च्या एप्रिलच्या अखेरीस डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध ईस्टरचं बंड चालू होतं. त्याच आठवड्यात टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, हे नावही आयर्लंडकडूनच घेतलेलं. आणि त्याच वर्षी ओगल्यांचा कारखाना. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही.

कंदिलाची काच साधी दिसते, पण करायला सोपी नाही. फुंकनळीच्या टोकाला वितळलेला गोळा घ्यायचा, फुंकत फुंकत साच्यात फुगवायचा, दोन्ही टोकं कापून कडा गुळगुळीत करायच्या. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ती सावकाश थंड करायची. घाईनं थंड झाली तर आत ताण राहतो, आणि मग पहिल्याच रात्री वातीच्या उष्णतेनं ती फुटते. वॉटरफोर्डचा वाडगाही याच पायरीतून जातो. तो जाड, म्हणून त्याला जास्त वेळ. वाडग्यात एखादा बुडबुडा राहिला तर तो फोडून पुन्हा भट्टीत टाकतात. कंदिलाच्या काचेत बुडबुडा असला तर आपण अभ्यास करताना त्याच्याकडे बघत बसायचो. आमच्या काचेत एक होता, वर उजवीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा.

आता सेवाग्रामचं. मला वाटलं होतं इथं कंदिलाची स्तुती सापडेल. सापडला वाद. वर्ध्याला मगनवाडीत 1934 नंतर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा ते बघत. त्यांचं म्हणणं, कंदील स्वदेशी असेल, पण त्यातलं मातीचं तेल? ते परदेशी कंपन्यांचं. रोज रात्री खेड्यातला पैसा वातीवाटे जळून बाहेर जातो, आणि गावातला तेली घाणा बंद करून बसतो. म्हणून मगनवाडीत गोड्या तेलावर चालणारा 'मगनदीप' तयार केला गेला. वनस्पतीचं तेल घट्ट, वातीतून वर चढायला आळशी, त्यामुळे ते सोपं नव्हतं. आणि गंमत बघा, ज्या औंधच्या हद्दीत ओगल्यांचा कारखाना होता, त्या संस्थानाचं राज्य प्रजेच्या हाती द्यायचा मसुदा करायला 1938 च्या अखेरीस युवराज आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन इथंच, सेगावला, गांधीजींकडे आले होते. तेव्हा गावाचं नाव सेगावच होतं, सेवाग्राम 1940 मध्ये झालं.

आईला मी मगनदीपाचं सांगितलं. ती म्हणाली, "गोडं तेल जाळाले होतं कोणाकडे? फोडणीले नव्हतं." कुमारप्पांचं अर्थशास्त्र मला पटतं. पण आईचं म्हणणंही नोंदवून ठेवतो. अभ्यास आम्ही मातीच्या तेलावरच केला.

ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला. गावोगाव वीज आली, प्लास्टिक आलं. वॉटरफोर्डवरही वेळ आलीच. 2009 च्या जानेवारीत कंपनी बुडाली, कारखाना बंद झाला, तेव्हा कामगार आत घुसून ठाण मांडून बसले, आठ आठवडे. 2010 मध्ये शहराच्या मध्यभागी एक लहान कारखाना सुरू झाला, लोक तिकीट काढून काच कापताना बघतात. बरंचसं उत्पादन आता युरोपातल्या दुसऱ्या देशांत होतं. पुतण्या तिथं जाऊन आलाय. म्हणाला, काका, कापणाऱ्याच्या समोर आकृती नसते, काचेवर शाईनं नुसत्या आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या असतात, बाकी सगळं त्याच्या हातात. वर्षानुवर्षं उमेदवारी केलेली माणसं ती.

मग मी त्याला जे विचारायला नको होतं ते विचारलं. इतके पैसे का घातलेस? तर म्हणाला, "काका, मी लहान असताना आजी मला कंदिलाची काच राखेनं पुसायला शिकवायची. आतून हात घालायला माझाच हात लहान होता म्हणून. तिकडे दुकानात तो वाडगा बघितला, आणि मला एवढंच आठवलं की काच जपून धरायची असते." मग थोडं थांबून म्हणाला, "महाग आहे हे मला माहीत आहे. पण कापसाचा भावही मी नाही ठरवला." मी फोन आईकडे दिला.

माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. अडीच क्विंटल म्हणजे अडीच क्विंटलच. पण ज्या कंदिलाचं कौतुक मी चार लोकांपुढे करतो, त्याचा तळ साठ वर्षांत मी पुसून बघितला नव्हता, आणि त्याची आठवण सात समुद्रापलीकडे एका पोराच्या हातात राहिली होती. हे मला टोचलं.

काचेसाठी वर्ध्याला तीन दुकानं फिरलो. एका दुकानदारानं हसून विचारलं, "गुरुजी, सिनेमात काम मिळालं का?" चौथ्या ठिकाणी, हार्डवेअरच्या दुकानात वरच्या फळीवर, धूळ खात पडलेल्या दोन मिळाल्या. दोन्ही घेतल्या. जरा उंचीला कमी आहेत, तारेच्या जाळीत डुगडुगतात. खाली सुताचा वेढा दिला, बसली.

वाडग्याचं काय झालं? आईनं त्यात देवपूजेची फुलं ठेवायला सुरुवात केलीय. सकाळी परसातली जास्वंद आणि तगर. पाणी घालत नाही, "पाण्यानं डाग पडते" म्हणते. परवा वीज गेली तेव्हा कंदील त्याच फळीवर, वाडग्याशेजारी लावला होता. वाडग्याच्या प्रत्येक पैलूत एकेक ज्योत दिसत होती. माझी मुलगी मोजायला बसली, आणि वीज आली.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, शेतातल्या झोपडीत जुना कंदील असेल तर त्याचा तळ पुसून बघा. 'प्रभाकर' निघालं, किंवा एखाद्या बरणीवर, बाटलीवर तळेगावची खूण सापडली, तर फोटो काढून आम्हाला पाठवा. आणि त्या कारखान्यांत काम केलेलं तुमच्या घरात कुणी असेल, भट्टीवर, साच्यावर, कुठंही, तर त्यांना बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्ही पुढचा भाग त्यांच्याच आवाजात करू. आणि हो, काच गरम असताना ओलं फडकं लावू नका.